भिंतीवरची पदवी

दवाखान्यात नंबर लावून बसलेला माणूस काय करतो? जुना अंक चाळतो, समोरच्या बाळाकडे पाहून हसतो, आणि मग भिंत वाचायला लागतो. अकोल्याच्या रामदासपेठेत बसा की अमरावतीच्या राजापेठेत, भिंत बहुतेक सारखीच असते. एका बाजूला गजानन महाराजांची तसबीर, दुसऱ्या बाजूला औषध कंपनीचे कॅलेंडर आणि मध्ये काचेच्या चौकटीत विद्यापीठाचा शिक्का असलेली पदवी. तिची अक्षरे वळणदार, सही त्याहून वळणदार. त्यातले डॉक्टरांचे नाव तेवढे कळते. बाकीचे आपण विश्वासावर सोडून देतो.

हा विश्वास कशावर ठेवायचा, एवढ्यापुरतेच आज बोलणार आहे. मी वकिलीची परीक्षा पास झालेला, पण वकिली न केलेला माणूस. नोकरी सरकारी खात्याच्या लेखा शाखेत झाली. निवृत्तीनंतर काही मित्रांबरोबर ग्राहकांच्या तक्रारी लिहून देण्याचे काम करतो. आमच्या टेबलापर्यंत आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींत एक वाक्य हमखास असते. वऱ्हाडी माणूस ते असे म्हणतो, "पाटी त मोठी होती न भाऊ, आमाले काय मालूम?"

पाटी मोठी होती, हे खरे. पण तिच्यावर काय होते, ते सांगता येत नाही. मोबाईलमध्ये फोटो असला तर आम्ही तो मोठा करून वाचतो आणि मग एकेक अक्षर उलगडत जाते.

आधी एक फरक स्पष्ट करतो. माझ्याकडे एलएल.बी.ची पदवी आहे. ती नागपूर विद्यापीठाची, कारण अमरावतीचे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी सुरू झाले आणि माझी परीक्षा त्याआधीची. पदवी शंभर टक्के खरी आहे. पण ती घेऊन मी उद्या अमरावतीच्या जिल्हा न्यायालयात काळा कोट घालून उभा राहिलो, तर तो गुन्हा होईल. कारण माझ्याकडे सनद नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवल्याशिवाय वकिली करता येत नाही. म्हणजे पदवी एवढेच सांगते की हा माणूस शिकला. त्याला काम करू द्यावे की नाही, आणि काम बिघडले तर त्याने कोणापुढे उभे राहून उत्तर द्यायचे, हे नोंदणी सांगते. तिसरा कागद परवान्याचा. तो माणसापेक्षा जागेचा असतो. या पत्त्यावर, या दुकानात, अमुक धंदा करायला हरकत नाही, असे तो म्हणतो.

आपली गंमत अशी की चौकटीत सर्वांत देखणी दिसते ती पदवी. नोंदणीचा कागद साधा असतो, म्हणून तो ड्रॉवरमध्ये पडतो. परवाना तर हिशेबाच्या वहीखाली सापडतो. ग्राहकाच्या उपयोगाचा क्रम मात्र याच्या नेमका उलटा आहे.

पदवी कोण देऊ शकते, हेही जाता जाता सांगतो. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ प्रमाणे कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, यांनाच पदवी देता येते. बाकी कोणी दिलेला कागद कितीही जाड असला, तरी ती पदवी नव्हे. आयोग बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. नागपूरच्या पत्त्याचे एक नाव त्या यादीत वर्षानुवर्षे पाहायला मिळाले आहे. या कायद्यात शिक्षा काय ठेवली होती, तर १००० रुपयांपर्यंत दंड. १००० रुपयांत आज चांगली सागवानी चौकटसुद्धा येत नाही.

आता डॉक्टरांच्या पाटीकडे येऊ. यात थोडा जास्त वेळ घालवतो, कारण इथे चुकले तर पैशावर भागत नाही.

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी २००२ चे वर्तनविषयक विनियम आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे विनियम आणले, पण त्याच महिन्यात ते स्थगित केले आणि २००२ चेच पुन्हा लागू केले. त्यात साध्या मराठीत सांगायचे तर असे लिहिले आहे. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि चिठ्ठी, दाखला, पैशाची पावती या सगळ्यांवर तो छापावा. नावापुढे मान्यताप्राप्त पदव्या आणि खरे व्यावसायिक ज्ञान दाखवणारी प्रमाणपत्रेच लावावीत. त्या शाखेचे खास शिक्षण नसेल तर स्वतःला तज्ज्ञ म्हणवू नये. फी किती, हेही फलकावर लिहावे. पाटी अवाजवी मोठी असू नये, आणि औषधाच्या दुकानावर आपली पाटी लावू नये. हा शेवटचा नियम ऐकून आमच्या एका बैठकीत लोक मोठ्याने हसले होते. का हसले, ते आपल्या गावातला बाजार डोळ्यांपुढे आणा, म्हणजे समजेल.

आमच्याकडे दर्यापूर भागातले एक कुटुंब आले होते. घरातल्या बाईंचा ताप आठ दिवस उतरला नव्हता. ज्यांच्याकडे उपचार चालले होते, त्यांच्या पाटीवर नावापुढे एम.डी. होते. फोटो मोठा केला तेव्हा एम.डी.च्या पुढे कंसात, मुंगीएवढ्या अक्षरांत, ए.एम. असे निघाले. ए.एम. म्हणजे पर्यायी वैद्यक. असा कागद देणारी संस्था कुठल्याही विद्यापीठाशी जोडलेली नव्हती. नोंदणी क्रमांकाच्या जागी जो आकडा होता, तो त्या संस्थेच्याच सभासदत्वाचा. नंतर बाईंना अमरावतीला दाखल केले, त्या वाचल्या. कुटुंबाने दीड एकरातला कापूस भाव पडलेला असताना विकला, तो मात्र गेला. त्या गृहस्थांनी लिहिलेली प्रत्येक गोष्ट मांडणीत लबाड होती, पण एम.डी. ही दोन अक्षरे तर खरीच छापलेली होती.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. एम.डी. ही पदवी केवळ ॲलोपॅथीतच असते असे नाही. आयुर्वेदात एम.डी. आहे, होमिओपॅथीत आहे, आणि त्या खऱ्या, कष्टाने मिळवलेल्या पदव्या आहेत. त्यांच्या नोंदणीच्या परिषदा वेगळ्या. बी.ए.एम.एस. डॉक्टरांची महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे, होमिओपॅथीची त्यांच्या परिषदेकडे. आपल्याकडे खेड्यापाड्यात रात्री-अपरात्री दार उघडणारा डॉक्टर बहुतेक वेळा बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस.च असतो, हे विसरून चालणार नाही. महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरांना ॲलोपॅथीची औषधे काही मर्यादेत देण्याची मुभा राज्य सरकारने दिलेली आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम निघाला आणि २०१४ साली कायद्यात तशी दुरुस्ती झाली. पाटीवर सीसीएमपी दिसते ते तेच. त्यावरून दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांत मोठा वाद झाला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. त्यात मी पडत नाही. माझे म्हणणे एवढेच की जे शास्त्र शिकले, ते पाटीवर पूर्ण अक्षरांत लिहावे. एम.डी. मोठे आणि आयुर्वेद बारीक, हे कशाला? ज्याला आपल्या शास्त्राचा अभिमान आहे, तो त्याचे नाव लपवत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा एक निकाल या बाबतीत नेहमी सांगितला जातो. मुंबईतल्या एका तापाच्या रुग्णाला होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टराने ॲलोपॅथीची औषधे दिली. आधी साधा ताप समजून, मग टायफॉईड समजून, आणि तपासण्या न करता. रुग्ण दगावला. न्यायालयाने त्याच्या पत्नीला ३ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. जे शास्त्र शिकलेला नाही त्या शास्त्राचे उपचार करणारा माणूस, त्याच्याकडे दुसऱ्या शास्त्राची खरी पदवी असली तरी, त्या बाबतीत भोंदूच ठरतो, अशी न्यायालयाची भूमिका होती. म्हणजे भिंतीवर पदवी होती, ती खोटीही नव्हती, आणि तरी माणूस गेला.

नावामागे 'डॉक्टर' कोणी लावावे, यावर केंद्र सरकारने २००३ साली आदेश काढला होता. मान्यताप्राप्त वैद्यक पद्धतींच्या व्यावसायिकांनीच तो शब्द वापरावा, असा त्याचा रोख होता. इलेक्ट्रोपॅथी वगैरे पद्धतींना मान्यता नसल्याने त्यांच्या नावाने पदव्या वाटू नयेत, असेही त्यात होते. आज वीस वर्षांहून जास्त काळ लोटला. तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोर उभे राहून पाट्या वाचा आणि तो आदेश कुठवर पोचला ते तुम्हीच ठरवा.

मग सामान्य माणसाने करायचे काय? सोपे आहे. नोंदणी क्रमांक पाहायचा, आणि तो कोणत्या परिषदेचा आहे ते पाहायचे. नुसता आकडा उपयोगाचा नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर डॉक्टरांचे नाव शोधता येते. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा हे दोन मिनिटांत करून देतो. ही नोंदणी एकदा केली आणि जन्माची झाली असे नसते. दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते, आणि त्यासाठी डॉक्टरांना मधल्या काळात शिकत राहिल्याचे गुण जमवावे लागतात. अलीकडे परिषदेने डॉक्टरांसाठी क्यूआर कोडही आणला आहे. तो दवाखान्यात लावलेला असला तर मोबाईलने टिपला की माहिती समोर येते. चाळीस वर्षांपूर्वीची पिवळी पडलेली पदवी त्या डॉक्टरांच्या तरुणपणाची साक्ष देते. आजची साक्ष या क्रमांकात आहे.

मेळघाटात भुमका असतो. कोरकूंच्या गावात आजारी माणसाला आधी त्याच्याकडे नेतात. त्याच्या दारावर पाटी नाही, अक्षर नाही. कोणाचे बाळ त्याने बरे केले आणि कोणाचे गेले, हे सगळ्या गावाला ठाऊक असते, तीच त्याची पाटी. शहरात अशी सामूहिक आठवण राहत नाही. कालचा पेशंट आज कुठे आहे, कोणाला माहीत? म्हणून शहराला कागद लागतो. भुमक्याच्या उपचारांची, विशेषतः लहान मुलांच्या पोटाला चटके देण्याच्या डंबा या प्रकाराची, बाजू मी घेत नाही. तो थांबलाच पाहिजे. पण विश्वास कसा तयार होतो, हे त्यावरून कळते.

औषधांच्या दुकानात कागद आणि माणूस यांची ताटातूट झालेली दिसते. परवाना दुकानाच्या दर्शनी भागात लावलाच पाहिजे, अशी परवान्याचीच अट आहे. तो बहुतेक ठिकाणी असतोही. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टनेच दिली पाहिजेत. २०१५ च्या विनियमांनी तर फार्मासिस्टने पांढरा कोट घालून नाव आणि नोंदणी क्रमांकाचा बिल्ला लावावा, असे सांगितले. पण सर्टिफिकेट एकाचे, गल्ल्यावर दुसरा, आणि ज्याचे सर्टिफिकेट तो पुण्याला कंपनीत नोकरीला, असा प्रकार आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. त्याला बाजारात 'सर्टिफिकेट भाड्याने देणे' म्हणतात. शब्द किती सहज तयार झाला, पाहा. घर भाड्याने, बैलजोडी भाड्याने, तसे सर्टिफिकेट भाड्याने. रक्तदाबाची गोळी आणि तिच्याशी नावाने जुळणारी मधुमेहाची गोळी यांत गल्लत झाली तर चौकटीतला फोटो काही बोलणार नाही. म्हणून दुकानात गेल्यावर चौकटीतला चेहरा आणि समोरचा चेहरा एकदा ताडून पाहायला हरकत नाही. "भाऊ, फार्मासिस्ट कोण आहे जी?" एवढे विचारले तर कोणी रागावत नाही. रागावला तर दुकान बदला.

आता आपल्या वऱ्हाडाच्या जिवाचा विषय. तो कृषी केंद्राचा.

अकोला म्हणजे कृषी विद्यापीठाचे गाव. २० ऑक्टोबर १९६९ रोजी ते सुरू झाले आणि त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. ज्या भागात शेतीचे विद्यापीठ पन्नासहून अधिक वर्षे उभे आहे, तिथला शेतकरी पिकावर रोग पडला की सल्ला कोणाला विचारतो? विद्यापीठाला फार थोडे विचारतात. बाकीचे पान प्लास्टिकच्या पिशवीत घालतात आणि कृषी केंद्राच्या काउंटरवर ठेवतात. "काय मारू याच्यावर?" असे विचारतात. म्हणजे दुकानदारच त्यांचा डॉक्टर. आणि या डॉक्टराची पदवी कोणी विचारत नाही.

२०१७ चा खरीप आठवा. कपाशी माणसापेक्षा उंच वाढली होती, बोंडअळीने थैमान घातले होते. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. अकोला जिल्ह्यातही बळी गेले. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. कारणे एक नव्हती. उंच पिकात डोक्यावरून फवारा अंगावर येत होता. उन्हाचा कडाका होता, तोंडाला फडकेसुद्धा नव्हते, मजूर दिवसातून कितीतरी पंप मारत होते. आणि दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. हे मिश्रण कोणाच्या सांगण्यावरून होत होते? काही ठिकाणी शेतकऱ्याच्या स्वतःच्या अनुभवावरून, काही ठिकाणी काउंटरपलीकडच्या सल्ल्यावरून.

या दुर्घटनेच्या दोन वर्षे आधीच, २०१५ मध्ये, केंद्र सरकारने कीटकनाशक नियमांत बदल करून विक्रेत्यासाठी शिक्षणाची अट घातली होती. कृषी, रसायनशास्त्र, जीवशास्त्र अशा विषयांतले शिक्षण. जुन्या दुकानदारांना त्यासाठी मुदत दिली गेली. कारण वीस-वीस वर्षे दुकान चालवणाऱ्याला एकदम घरी बसवता येत नव्हते, आणि त्यांच्यातल्या कित्येकांना अनुभवाने पुष्कळ कळतही होते. अशा दुकानदारांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' या संस्थेने २००३ पासून 'देसी' नावाचा पदविका अभ्यासक्रम चालवला आहे. अठ्ठेचाळीस आठवडे, बाजाराच्या सुटीच्या दिवशी वर्ग. त्यात चाळीस दिवस वर्गात आणि आठ दिवस शिवारात. आठवडाभर दुकान चालवून सुटीच्या दिवशी वही घेऊन बसणारे पन्नाशीचे दुकानदार मी पाहिले आहेत. पहिल्या बाकावर बसायला लाजत होते, पण पदविका मिळाल्यावर तिला लाल रिबीन लावून दुकानात टांगली. त्या चौकटीला मी मनापासून नमस्कार करतो. कारण ती पाहून गिऱ्हाईक विचारते, "हे काय हाय जी?" आणि मग दुकानदाराला सांगावे लागते की आपण काय शिकलो. एकदा सांगितले की पुढचा सल्ला जरा जपून द्यावा लागतो.

कृषी केंद्रात गेलात तर तीन गोष्टी शोधा. परवाना दर्शनी भागात आहे का, साठा आणि भाव यांचा फलक आहे का, आणि काउंटरवर सल्ला देणाऱ्याचे शिक्षण काय. डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाकडे लक्ष द्या. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. पक्के बिल घ्या आणि त्यावर लॉट नंबर लिहून घ्या. उद्या बियाणे उगवले नाही किंवा औषधाने पीक जळाले, तर भिंतीवरचा कागद तुमच्या कामाचा नाही. तुमच्या खिशातला आहे.

अकोल्याचा दुसरा मोठा उद्योग शिकवण्यांचा. बारावी आणि नीटसाठी वाशीम, बुलडाणा, यवतमाळ, कुठून कुठून मुले येऊन इथे खोल्या घेऊन राहतात. त्या रस्त्यांवरच्या फलकांवर सगळे असते. पोरांचे फोटो, गुण, क्रमांक. नसते ते एकच. शिकवणारा काय शिकला आहे, ते. दवाखान्याच्या फलकावर बरे झालेल्या रुग्णांचे फोटो लावून डॉक्टरांची पदवी गाळली, तर आपल्याला चालेल का? शिकवणीत मात्र चालते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. पदवीपेक्षा कमी शिकलेल्याला शिकवायला ठेवू नये आणि शिक्षकांची पात्रता संकेतस्थळावर द्यावी, असे त्यांत आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने शिकवणीच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध सूचना काढल्या. शिक्षकांच्या पात्रतेबद्दल खोटे सांगू नये, आणि यशस्वी विद्यार्थ्याचे नाव-फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरू नये. संमतीही निकालानंतर घेतलेली हवी. वर्षाची फी भरण्याआधी पालकांनी एवढे विचारावे. मुलीच्या लग्नासाठी स्थळ पाहताना मुलाच्या मामाची नोकरीसुद्धा आपण चौकशी करून काढतो. फिजिक्सच्या सरांची पदवी विचारायला लाजतो.

वकिलांच्या बाबतीत नियम सर्वांत विनयशील आहेत. पाटी माफक आकाराची असावी. आपण अमुक प्रकारच्या खटल्यांत तज्ज्ञ आहोत, पूर्वी न्यायाधीश होतो, बार असोसिएशनचे अध्यक्ष होतो, असे काहीही तिच्यावर लिहू नये, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम सांगतो. अमरावतीची वकिली एकेकाळी नावाजलेली. दादासाहेब खापर्डे, मोरोपंत जोशी ही माणसे इथलीच. त्यांच्याकडे पक्षकार पाटी वाचून येत नव्हते.

हे सगळे ऐकून कोणाला वाटेल की पदवी भिंतीवर लावणे म्हणजे एक तर कायद्याची सक्ती, नाही तर मिरवणे. तसे नाही. आपल्या भागात त्यामागे आणखी एक गोष्ट आहे.

वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत आणि सरकारी कचेऱ्यांत बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर असते. तिच्या खाली पुष्कळदा त्यांच्या पदव्या ओळीने लिहिलेल्या असतात. एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., एलएल.डी., डी.लिट., बार-ॲट-लॉ. कोलंबिया, लंडन, ग्रेज इन. इतर पुढाऱ्यांच्या तसबिरीखाली पदव्या लिहिलेल्या मी क्वचितच पाहिल्या. इथे त्या का लिहितात? ज्यांना वर्गाबाहेर बसवले, त्यांच्यातल्या एकाने हे सगळे मिळवले, हे रोज डोळ्यांसमोर राहावे म्हणून. ही अक्षरे बढाईची नाहीत, ती उत्तर देणारी आहेत.

पंजाबराव देशमुखांच्या नावामागचे 'डॉ.' हेही अशाच जातीचे. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी १८९८ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला मुलगा इंग्लंडला गेला. वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डी.फिल. घेऊन आणि बॅरिस्टर होऊन आला. भाऊसाहेब परत आले आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. त्या संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्यांच्या घरी आज ज्या चौकटी टांगलेल्या आहेत, त्यांची मोजदाद करता येणार नाही. आणि अमरावती विद्यापीठाच्या पदवीवर आता नाव असते संत गाडगेबाबांचे, शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचे. आपल्या विद्यापीठाचा हा भाग मला फार आवडतो.

म्हणून नोकरीला लागलेली मुले मला विचारतात, "काका, ऑफिसात टेबलामागे पदवी लावू का? लोक हसतील का?" तेव्हा मी आधी विचारतो की तुझ्याकडे येणाऱ्याला त्याचा उपयोग आहे का. एम.आय.डी.सी.तल्या एका कारखान्यात आमच्या परिचयातली एक मुलगी इंजिनिअर आहे. तिच्या खोलीत येणारा प्रत्येक जण "साहेब कुठे आहेत?" असे विचारायचा. तिने खुर्चीमागे पदवी लावली, दारावर नाव आणि हुद्दा लावला. आता तिला तो प्रश्न कमी ऐकावा लागतो. तिने योग्यच केले. पण बँकेत रोखपालाच्या काचेमागे एम.कॉम.ची पदवी लावण्यात अर्थ नाही. तिथे बिल्ल्यावर नाव वाचता येईल एवढे मोठे असले की पुरे. आणि एका खोलीत चार सहकारी बसत असतील, त्यातले दोघे बारावी पास असतील, तर एकट्याने आपली पदवी टांगण्याआधी थोडे थांबावे. कार्यशाळेला हजर राहिल्याची, रोटरीच्या शिबिराची, सतरा प्रमाणपत्रे लावणाऱ्यांबद्दल काय बोलावे? त्या गर्दीत खरी पदवी शोधून सापडत नाही. 'मानद डॉक्टरेट' पैसे भरून आणणाऱ्यांचीही संख्या वाढली आहे. विद्यापीठाने खरोखर सन्मानाने दिलेली मानद पदवीसुद्धा नावामागे 'डॉ.' म्हणून लावू नये, असा जाणत्यांचा संकेत आहे. बाजारातून आणलेलीची तर गोष्टच सोडा.

शेवटी चौकटीबद्दल, कारण हा प्रश्न फार विचारला जातो. मूळ पदवी टांगू नका. तिची चांगली रंगीत प्रत काढून ती चौकटीत घाला आणि मूळ कागद घरी फाईलमध्ये, कोरड्या पेटीत ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात भिंत तव्यासारखी तापते आणि श्रावणात तीच ओल धरते. चौकटीमागच्या पुठ्ठ्याला उधई लागली की ती कागदापर्यंत यायला एक पावसाळा पुरतो. लॅमिनेशन तर करूच नका. परदेशी जाताना साक्षांकनासाठी असा कागद देताना अडचण येते, आणि प्लास्टिक सोडवायला गेले की शाई त्याच्याबरोबर निघते. अलीकडच्या बऱ्याच पदव्या डिजिलॉकरमध्येही मिळतात, तिथे आपले नाव आधारप्रमाणे जुळते का ते पाहून घ्या. आणि चौकट लावताना खिडकीसमोर नको, बाजूच्या भिंतीवर लावा. डॉक्टर, फार्मासिस्ट किंवा कृषी केंद्रवाले असाल, तर नोंदणीचा आणि परवान्याचा कागद तिच्याशेजारी, बसलेल्या माणसाला वाचता येईल इतक्या उंचीवर.